पंख्याखालचा पहिला बाक

बाबांना ऑपरेशनसाठी आत नेलं आणि आईने बोलणंच बंद केलं. हृदयाची झडप बदलायची होती. धायरीहून येताना रिक्षात ती निदान मान तरी हलवत होती.

बाहेरच्या खुर्च्या भरलेल्या, उकाडा भयंकर. वक्तृत्व स्पर्धेत पहिली आल्यापासून मला कुठेही घुसायला लाज वाटत नाही. हॉस्पिटलच्या मागे जुनं दगडी चॅपल दिसलं, दार उघडंच होतं. आईचा हात धरला आणि गेले. चपला बाहेर काढल्या (इथे काढत नाहीत, हे नंतर कळलं) आणि सगळ्यात पुढच्या बाकावर, बरोब्बर पंख्याखाली, दोघी बसलो.

संध्याकाळ होत आली तसे हळूहळू पेशंटचे नातेवाईक येऊन मागे बसले. कुणीच काही म्हणेना. सगळे माझ्याकडेच बघताहेत असं वाटलं, आणि ते खरंच बघत होते. शेवटी मागच्या बाकावरचे एक आजोबा म्हणाले, "सुरुवात करताय, का नुसतीच हवा खाताय?"

बाबांच्या वॉर्डातल्या हेमा सिस्टर दारातून पुढे आल्या, माझ्या शेजारी टेकल्या आणि सांगू लागल्या. प्लेगच्या साथीत या चॅपलचाच वॉर्ड केला होता म्हणे. म्हणून तर फरशीला मधे उतार आहे, धुतलेलं पाणी वाहून जावं म्हणून. सगळ्या जातीधर्मांचे आजारी इथे खाटेला खाट लावून असायचे. संध्याकाळी पहिल्या खाटेवरच्याने प्रार्थना सुरू करायची, त्याची जी असेल ती, आणि बाकीच्यांनी त्याच्यामागून म्हणायची. साथ गेली, खाटांच्या जागी बाक आले, पद्धत राहिली. त्यामुळे माहीतगार माणसं पंख्याचा मोह सोडून मागेच बसतात.

"पण आम्ही बौद्ध आहोत," मी म्हणाले.

"मग तुझी वंदना म्हण. फक्त सावकाश, मागच्यांना शब्द नवे आहेत."

दर रविवारी विहारात बाबा पुढे म्हणतात आणि मी मागून. त्यांच्याशिवाय मी कधी सुरुवात केलीच नव्हती. उभी राहिले. 'बुद्धं सरणं गच्छामि' झालं आणि पुढच्या ओळीसाठी मी सवयीने बाबांच्या आवाजाची वाट बघत थांबले. तेव्हा आईने, सकाळपासून गप्प असलेल्या माझ्या आईने, ती ओळ उचलली. मग मागून सगळ्यांनी. सगळ्यात मोठा आवाज त्या आजोबांचा, आणि सगळ्यात जास्त चुकाही त्यांच्याच.

झडप छान बसली, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा आई आधी रडली आणि मग तिने सगळ्या नातेवाइकांना फोन लावले. मी पळत चॅपलमध्ये गेले. आजोबा तिथेच होते, रावसाहेब त्यांचं नाव. मी वाकून नमस्कार केला.

"असू दे, असू दे," ते पाय मागे घेत म्हणाले. "उद्या आमच्या हिचं ऑपरेशन आहे. पुढे मीच बसणार."

मी म्हटलं, मी येईन आजोबा. तुम्ही जे म्हणाल ते मागून म्हणेन, अगदी चुकांसकट.