तृप्तीचे आजोबा, मांडे, कळवण

माझा मांडा इतका पातळ असतो की डोळ्यासमोर धरला तर पलीकडच्या देवळाचा कळस दिसतो. एकदा पंचवटीत वारा सुटला आणि हातावरचा मांडा उडाला. तो गोदावरी ओलांडून एका नवरदेवाच्या डोक्यावर जाऊन बसला. लोक म्हणाले, फेटा छान आहे. हे खोटं म्हणणारा माणूस मला अजून भेटला नाही. भेटला तर त्याला मांडा मिळणार नाही.

तर आमचा चौघींचा कारभार होता. मी, यशोदाबाई, वत्सलाबाई आणि मैना. लग्नाच्या पंगतींना खापरावरचे मांडे करून द्यायचो. सैल कणकेत पुरण भरायचं, दोन्ही हातांवर झुलवत झुलवत मोठं करायचं आणि पालथ्या, तापलेल्या खापरावर टाकायचं. ऑर्डरी मी घ्यायचे आणि डोक्यात ठेवायचे. दोन हजार चारच्या उन्हाळ्यात डोक्याने दगा दिला. एकाच दिवशी मखमलाबादला आणि आडगावला, दोन्हीकडे हो म्हणून बसले.

नात तृप्ती तेव्हा नुकती नोकरीला लागली होती. तिने नवा मोबाईल घेतला आणि जुना मला दिला.

"आजी, यापुढे लक्षात ठेवायचं नाही. ऐकलं की लगेच फोनात टाकायचं. तारीख, कोण, काय, कुठे. एका नोंदीत एकच काम. आदल्या संध्याकाळी तो आपोआप वाजेल."

"आणि मी काय करू?"

"तू मांडे कर."

फोनात हिंदी अक्षरं होती. एकेका अक्षराला तीन-तीनदा बटण दाबायचं. माझी एक नोंद होईस्तोवर त्या नवरीला पोर झालं असतं. पण बोट बसलं. पंगती, किराणा, मैनाच्या पाठीचं औषध, सगळं फोनात जायला लागलं. संध्याकाळी चहा पिताना झालेलं पुसायचं, नवं टाकायचं. एकदा फोन कणकेत पडला आणि परातीच्या आतून वाजला, तरी पंगत चुकली नाही. मग मी सगळ्यांना ऐकवलं, आता मला काही विचारू नका, फोनाला विचारा.

मार्गशीर्षात माझ्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. डॉक्टर म्हणाले, आजी, आता चुलीचा धूर बंद. म्हणजे खापराशी माझ्या जागी सून बसणार, आशा. यशोदाबाईने तोंड वाकडं केलं.

"तुझी सून घरात चार मांडे करते, बाई. शंभर माणसांसमोर हात कापतो. एक पंगत बिघडली ना, की मी चालले आडगावच्या मांडेवाल्या पार्टीत. वत्सलाबाई पण येणार आहे."

आशाने हे ऐकलं. रात्री भांडी घासताना मला म्हणाली, "आत्या, माझी पहिली पंगत कधी?"

"फोन वाजेल तेव्हा," मी म्हटलं. सांगायला काय झालं होतं मला!

ती पंगत कळवणची होती. तिथल्या देवऱ्यांकडे त्यांच्या व्याह्यांची पंगत. पण त्या देवऱ्यांचं नाव आणि आमच्या ह्यांचं नाव एकच. मी नवऱ्याचं नाव कधी तोंडातून काढलं नाही, ते बोटातून कसं काढू? नुसतं देवरे लिहावं, तर कळवणात दगड मारला की तो देवऱ्यालाच लागतो. म्हणून लिहिलं, 'तृप्तीच्या आजोबांच्या नावाचे'. तेवढं मावेना. मग छाटलं. फोनात राहिलं ते असं: 'ता. २२. तृप्तीचे आजोबा. मांडे. कळवण. सकाळी ६ ची गाडी.'

एकवीसला मी डोळ्याला पट्टी बांधून दवाखान्यात, तृप्ती माझ्या उशाशी. घरी ठेवलेला माझा फोन वाजला. आशाने वाचलं आणि ह्यांच्याकडे गेली.

"बाबा, उद्या कळवणला जाणार आहात का?"

ह्यांचं गाव कळवणच. कधीपासून जायचं म्हणत होते. पेपर खाली ठेवून म्हणाले, "हो तर. तिला सांगितलं होतं मी."

काही सांगितलं नव्हतं.

"आणि मांडे?"

"भावाकडे न्यायला. जरा जास्तच कर."

आशाने बिचारीने रात्री खापर तापवलं. सकाळी मांड्यांचं गाठोडं घेऊन हे सहाच्या एसटीत बसले. वणी येईपर्यंत गाठोडं निम्मं झालं होतं.

कळवणच्या स्टँडवर एक माणूस जीप घेऊन उभा. एसटी रिकामी झाली तरी तो आत डोकावतोच आहे. शेवटी ह्यांना म्हणाला, "बाबा, मांडावाल्या बाया कोठे शेतस? पंचवटीहून येणार होत्या."

"आमच्याच घरच्या त्या. पण मी एकटाच आलोय." ह्यांनी आपलं नाव सांगितलं.

"माझंही तेच," तो म्हणाला आणि जीपच्या बोनेटवर बसला. घरी पीठ भिजलेलं, पुरण वाटलेलं, खापर चुलीवर पालथं. संध्याकाळी व्याही पानावर बसणार. फक्त हात नव्हते.

ह्यांनी बूथवरून घरी फोन लावला.

"आशा, ते मांडे माझे नव्हते."

"मग कोणाचे?"

"माझ्या नावाचे."

आशाला लगेच उमगलं. तीही सासऱ्यांचं नाव घेत नाही. तिने तिघींना गाठलं. यशोदाबाई दारातच अडली.

"आता जाऊन काय उपयोग? तोंड दाखवायला?"

"मावशी, भांडण जीपमध्ये बसून करू," आशा म्हणाली. तोवर तिने जीप ठरवलीही होती.

तिकडे देवऱ्यांच्या बायका चूल विझवून साध्या पोळ्या लाटायला निघाल्या होत्या. ह्यांनी उरलेलं गाठोडं सोडलं. घरातली म्हातारी, नवसाबाई, तिने एक मांडा उजेडाकडे धरला.

"हा कोणी केला?"

"माझ्या सुनेने."

"मग थांबा गं. चूल राहू द्या."

दुपारी चौघी पोचल्या. भोवती अख्खं लग्नघर बघायला उभं. आशाचा पहिला मांडा हातावरच फाटला. यशोदाबाईने फाटलेला उचलला आणि स्वतः खाल्ला. दुसरा खापरावर पडला तो थेट काठापर्यंत. व्याही पानावर बसले तेव्हा परात भरलेली होती.

दुसऱ्या दिवशी यशोदाबाई मला बघायला आली. मला दिसत नव्हतं, पण हिचा आवाज ओळखायला डोळे लागत नाहीत.

"तुझा फोन नदीत टाक," म्हणाली. "सून राहू दे."

फोन टाकला नाही. तृप्तीने मात्र रागावून घेतलं. "आजी, नोंद दुसऱ्याने वाचली तरी कळली पाहिजे. नाव लिहायचं."

"नाव घेणार नाही."

"मग पुढच्या वेळी आजोबा पुन्हा फिरायला जातील."

वैशाखात देवऱ्यांच्या धाकट्या मुलीचं लग्न निघालं आणि त्यांनी आम्हालाच बोलावलं. मी चहा घेत विचार केला. नाव घ्यायला आपल्यात एक वाट आहेच, ती लग्नात सगळ्यांसमोर चालते, मग फोनात का चालू नये? दोन नोंदींत बसवलं आणि तृप्तीला दाखवलं. तारीख, कुठे, कोण, काय, तिने बोटावर तपासलं आणि हसत सुटली.

आदल्या संध्याकाळी फोन वाजला. आशाने ओट्यापाशी उभं राहून मोठ्याने वाचलं:

"बारा तारखेला पहाटे धरा कळवणची वाट,
सहादूरावांच्या दारी मांड्यांचा थाट."

आतल्या खोलीतून हे म्हणाले, "ओ!"

"तुम्हाला नाही, बाबा," आशा म्हणाली. "ह्या वेळी तुम्ही घरीच."