लाकूड बघून घेतलेली गिटार

मास्तरांचे दोन्ही कान कामातून गेले होते, पण समोरच्याचे ओठ वाचून ते निभावून न्यायचे आणि हे त्यांच्या बायकोखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं. बँडमध्ये सूर चुकला की ते बिचाऱ्या जुन्या गिटारवर खापर फोडायचे. बँड मेहुण्याचा. तो एकदा वैतागून म्हणाला, चांगली गिटार घ्या आणि बुधवारी तालमीला एक तुकडा एकट्याने वाजवून दाखवा; नाही जमलं तर नातं बाजूला ठेवून दुसरा माणूस घेईन.

मास्तर तडक जुन्या वाद्यांच्या दुकानात गेले. तिथे पन्नासेक वर्षांपूर्वीची जपानी इलेक्ट्रिक गिटार टांगलेली होती, लालभडक, चार चकचकीत बटणांची. दुकानदार वायर आणायला उठला तसे मास्तर सावध झाले. वाजवली अन् आवाजाबद्दल याने काही विचारलं तर? त्यांनी उसनी ऐट आणली. वाजवून बघतात ती हौशी पोरं, म्हणाले, आम्हाला लाकूड बघून कळतं. दुकानदाराने वायर खाली ठेवली आणि किंमत चढवून सांगितली. लबाड कुठला! तारांचा आवाज उचलणारं आतलं यंत्र केव्हाच जळालं होतं, हे त्याला पक्कं माहीत होतं.

घरी मास्तरांनी गिटारच्या कडेला हनुवटी टेकवून तारा छेडल्या. थरथर थेट दातांपर्यंत पोचली. गेली दोन वर्षं ते असंच ऐकत होते. स्पीकरला जोडून तरी बघा, असं बायको म्हणाली, पण शेजाऱ्यांचं निमित्त काढून त्यांनी ते टाळलं.

बुधवारी त्यांनी वायर जोडली, डोळे मिटले आणि सुरुवात केली. स्पीकर ढिम्म. मेहुण्याने आधी वायर तपासली, मग मास्तरांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि त्याला सगळा उलगडा झाला. त्याने बाकीच्यांना गप्प केलं आणि ड्रमवाल्याला तेवढा ठेका धरायला खुणावलं. जमिनीतून तळपायाला लागणाऱ्या ठोक्यावर मास्तर जीव ओतून वाजवत राहिले. कीबोर्डवाल्याने तोंडात रुमाल कोंबला. कुणीतरी मोबाईलवर सगळं टिपून घेतलं.

तुकडा संपला. मास्तरांनी घाम पुसला आणि मेहुण्याच्या ओठांवर नजर रोखून विचारलं, "कसं झालं?"

"दाजी, आवाज थोडा जास्त होतोय," मेहुणा सावकाश म्हणाला. "कमी करून परत वाजवा."

मास्तरांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी बटण अलगद मागे फिरवलं आणि पुन्हा डोळे मिटून घेतले. मेहुण्याने तिथेच, त्यांच्यासमोर उभं राहून, दुसऱ्या गिटारवाल्याला फोन लावला.