दमट मेला, पान एकोणीस

शुक्रवारी दुपारी तीन वाजता छापखान्यातून चित्रकथांच्या वर्धापन अंकाचे पहिले गठ्ठे आले आणि पान एकोणीसवर दमट मेलेला निघाला. मरायचा होता जांभई.

दोघेही सुपरहीरो, दोघेही दुय्यम. चौथ्या मजल्यावरच्या त्या कार्यालयात महाप्रचंड या मुख्य नायकासाठी तीन लेखक, एक सल्लागार आणि एक स्वतंत्र पंखा होता. बाकीचे झाडून सगळे नायक एकाच लेखकाच्या गळ्यात मारलेले. तो जिन्याशेजारी, भिंतीकडे तोंड करून बसायचा.

दुय्यम नायक जन्माला यायचे ते पान रिकामं राहिलं म्हणून. एखादी जाहिरात ऐनवेळी रद्द झाली की संपादक दारातून डोकं घालायचे आणि म्हणायचे, "दोन पानं भर." मग लेखक समोर जे दिसेल त्याला शक्ती देऊन मोकळा व्हायचा. डबा उघडत नव्हता त्या दुपारी झाकण्या जन्मला. घट्ट बसलेलं कुठलंही झाकण तो एका झटक्यात उघडतो. दुर्दैवाने खलनायक सहसा बरणीत लपत नाहीत. जांभईने तोंड उघडलं की शत्रू जागच्या जागी झोपतात. साथीदारही झोपतात, त्यामुळे त्याच्या एकाही लढाईचा निकाल आजवर कळलेला नाही. कालदर्शिनीला कालचं सगळं लख्ख दिसतं. पेपर वाचणाऱ्यालाही दिसतं, ही गोष्ट कुणी तिच्या कानावर घातली नव्हती. पूर्वकथा सगळ्यांची एकच: प्रयोगशाळा, वीज, स्फोट. तिन्ही एकाच चौकटीत, कारण जागा तेवढीच असायची.

दमटचा जन्म मात्र घरचा होता. लेखकाचा मेव्हणा तेव्हा नोकरी सुटून त्याच्याच मागच्या खोलीत येऊन पडला होता. एका सकाळी त्याने ऑफिसात फोन केला. "भावोजी, या भिंतीला आतून ओल आहे. नुसता हात ठेवला आणि कळलं." अर्ध्या तासात दमट तयार झाला: भिंतीवर तळवा ठेवून पलीकडची ओल ओळखणारा. पूर्वकथेत तो लहानपणी पाण्याच्या टाकीत पडतो आणि दोन दिवस घरात कुणाच्या लक्षातही येत नाही. हे मेव्हण्याच्या बाबतीत खरंच घडलं होतं. फक्त टाकी नव्हती, मामाचं घर होतं.

कंपनीचा कार्यक्रम विभाग शाळांमध्ये आणि दुकानांच्या उद्घाटनांना नायक पाठवायचा. दमटचा पोशाख अंगाला खाजतो म्हणून कुणी घालायला तयार नव्हतं. मेव्हण्याने घातला. तेव्हापासून तो रोज दाढी करू लागला, नऊच्या ठोक्याला घराबाहेर पडू लागला. शाळेतली पोरं त्याला हाताला धरून भिंतीभिंतीशी न्यायची आणि तो प्रत्येक भिंतीचा गंभीरपणे निकाल द्यायचा.

वर्धापन अंकात कुणीतरी मरणार ही बातमी घरी पोचली तेव्हा बायकोने लेखकाला बजावलं होतं, "दमटला हात लावायचा नाही. माझा भाऊ पुन्हा दिवसभर छताकडे बघत पडला, तर मी माहेरी निघून जाईन."

"माहेरी कोण आहे आता?"

"माझं माहेर म्हणजे तोच, मागच्या खोलीतला. म्हणूनच सांगतेय."

मेलेल्या नायकाला कार्यक्रम मिळत नाहीत, हा कंपनीचा नियम होता. गेल्या महिन्यातल्या बैठकीत संपादक म्हणाले, "महाप्रचंडला रडवायचंय. एक लहान माणूस मारा. असा, की गेला तरी आपलं काही अडणार नाही, पण वाचकाला वाईट वाटलं पाहिजे," तेव्हा त्यांचं वाक्य संपायच्या आत लेखक म्हणाला, "जांभई."

कुणाची हरकत नव्हती. जांभई कोण, हे तिघांनी विचारलं.

लेखकाने प्रसंग लिहिला. मागे पेटलेलं शहर, महाप्रचंडच्या मांडीवर जांभई, आणि संवादाच्या फुग्यात, "जाऊ नकोस, जांभई." संपादकांनी नावावर काट मारली. "महाप्रचंडला याचं नाव कसं माहीत असेल? 'मित्रा' लिही." लेखकाने मित्रा लिहिलं. वाद घातला नाही. फुग्यात नेटकं बसत होतं.

आता इथली कामाची पद्धत अशी, की चित्रकार सगळे दुय्यम नायक एकाच देहावर काढायचा. तोंडाला मुखवटा, छातीवर बिल्ला. कोण कुठला हे ठरायचं रंगावरून: जांभई पोपटी, दमट शेवाळी. पान एकोणीसवर बिल्ल्यावर महाप्रचंडचा दंड आला होता. राहिला फक्त रंग.

लेखक अंक घेऊन रंगकाम करणाऱ्या ताईंकडे गेला. "ताई, हा शेवाळी का केलात?"

"मागे आग आहे ना. आगीपुढे पोपटी माणूस मेल्यासारखा वाटतच नाही, सहलीला आल्यासारखा वाटतो."

"पण पोपटी तो जांभई. शेवाळी दमट."

ताईंनी चष्मा वर केला. दोघांना इतकी वर्षं त्याच रंगवत होत्या. "दोघं आहेत ते? मला वाटायचं एकाचेच दोन ड्रेस."

संपादक त्यांच्या खोलीत तेच पान उघडून बसले होते. डोळे ओले होते.

"छान मेलाय," ते म्हणाले.

"साहेब, चुकीचा मेलाय."

"कोण मरायचा होता?"

"जांभई."

संपादकांनी पान डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं. "हा जांभई नाही?"

"दमट आहे. पुढच्या अंकात परत आणू या. महाप्रचंड चारदा परत आलाय."

"तो मोठा आहे. मोठी माणसं परत आली की लोक रांगा लावतात. हा परत आला तर तो गेला होता हे आठवण करून द्यायलाच दोन पानं जातील." त्यांनी अंक मिटला. "कार्यक्रम विभागाला मी हे पान पाठवलंय. रंग बघून तो पोशाख जमा करून घेतायत."

"त्या पोशाखात कोण असतं, माहीत आहे तुम्हाला?"

"कोण असतं?"

लेखकाने तोंड उघडलं. "एक माणूस असतो," तो म्हणाला.

"मग त्याला दुसरं काहीतरी द्या."

"जांभईचा पोशाख द्यायचा का?"

"तो माझा भाचा घालतो," संपादक म्हणाले. "आणि बरं झालं. आता त्याच्या आईला तोंड दाखवता येईल मला."

पाचच्या सुमाराला मेव्हणा स्वागतकक्षात आला. पोशाख स्वच्छ, इस्त्री करून पिशवीत घडी घातलेला. "भावोजी, जुना जमा करा म्हणाले. वर्धापन आहे, नवा देत असणार. कापड तरी बरं असू दे. हा फार टोचायचा."

लेखक त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसला.

"या वेळी जांभईला उडवलाय म्हणे? घरी आमची ताई म्हणत होती," मेव्हणा म्हणाला. "चांगला होता बिचारा. एका उद्घाटनाला भेटला होता, सगळी बिस्किटं एकट्याने संपवली."

स्वागतकक्षातल्या मुलीने त्याला नवा अंक दिला. मेव्हणा अंक चाळत नाही. पहिल्या पानावरच्या जाहिरातीपासून, बोट ओलं करत, प्रत्येक चौकट वाचत जातो. पिशवी त्याने दोन पायांच्या मध्ये ठेवली आणि सुरुवात केली.

"अरे, ऐक ना," लेखक म्हणाला.

"थांबा, सांगू नका. मजा जाते."

साडेपाचला कार्यक्रम विभागातून निरोप आला, की पिशवी घेऊन वर पाठवा. तेव्हा मेव्हणा पान अकरावर होता. लेखक शेजारी तोंड उघडून बसला होता, आणि ते बघून समोरच्या मुलीलाही जांभई आली.