मागच्या भिंतीवरच्या खुंट्या

मी पडदा बोलतोय. तुमच्या खिडकीवरचा नव्हे, नाटकाचा. सध्या मी अळणावरजवळच्या एका खळ्यावर भाताच्या राशीवर पांघरलेला आहे आणि एक कोंबडी माझ्यावरून इकडून तिकडे चालते आहे. मला तिचं काही वाटत नाही. याहून घाण पाय मी हुबळीत पाहिले आहेत, आणि ते चकचकीत बुटांतले होते.

माझा जन्म धारवाडच्या एका संगीत नाटक मंडळीत झाला. जाड मांजरपाट, त्यावर खळ, खळीवर तेलाचे रंग. मधोमध मोरावर बसलेली सरस्वती, दोन्ही अंगांना केळीचे खांब. माझ्या खालच्या कडेला एक लांब बांबू होता. दोरी ओढली की त्याच्याभोवती गुंडाळत मी वर जायचो. त्याआधी नारळ फुटायचा, धूप फिरायचा, आणि नायिकेच्या साजात सजलेला प्रभंजन वाकून माझ्या बांबूला हात लावायचा. तो हात मग कपाळाला लावायचा.

प्रभंजन आमच्या मंडळीतला स्त्रीपार्टी. शालू नेसून तो उभा राहिला की समोरच्या बायका आपापला पदर चाचपून बघायच्या. त्या काळी गावाची रात्र म्हणजे नाटक, कीर्तन, नाही तर कुणाच्या माडीवरची गाण्याची बैठक. माणसं कुठंही गेली तरी समोरच्या दारानं जात आणि डोक्यावर पगडी, रुमाल, मुंडासं जे असेल ते ठेवूनच बसत. हे मी मुद्दाम सांगून ठेवतो आहे.

मग बोलपट आला. माझंच नाव घेतलेला एक पांढरा, कोरा पडदा आला आणि त्याच्यावर चित्रं बोलायला लागली. त्याला ना नारळ लागे, ना धूप. वर्षा-दोन वर्षांत आमची मंडळी मोडली. हार्मोनियम एकानं नेली, मुकुट दुसऱ्यानं नेले. मला आणि प्रभंजनला कुणी नेईना.

त्याच सुमाराला हुबळी स्टेशनजवळ एक सर्कस मोडली. सिंह मेला, हत्ती कुठल्याशा संस्थानात गेला आणि मालक इस्तेफान तेवढा मागं उरला. गुबगुबीत, मेण लावलेल्या मिशांचा, बोटात खोट्या हिऱ्याची अंगठी. एके दिवशी तो रुमानियाचा असे, दुसऱ्या दिवशी ग्रीसचा. समोरचं गिऱ्हाईक कुठल्या देशाला भुलतं ते पाहून त्याची मायभूमी ठरायची. त्यानं शेषगिरी नावाच्या व्यापाऱ्याचं कापसाचं रिकामं गोदाम भाड्यानं घेतलं, तिथं नाचगाण्याचा क्लब काढला आणि त्यावर पाटी लावली, ‘पॅरिस पॅलेस’. गावानं ती पाटी कधी वाचलीच नाही. सगळे म्हणत, इस्तेफानचं गोदाम.

त्याला पडदा हवा होता. मला पाहून तो म्हणाला, "अच्छा है. लेकिन ये बाई कौन?"

"सरस्वती," प्रभंजन म्हणाला.

"पॅरिस में नहीं रहती."

बाळकृष्ण पेंटरला बोलावलं. देवीवर कुंचला फिरवायला त्याचा हात धजेना. मग त्यानं तेलरंग वापरायचा नाही, खडूचा पातळ रंग मारायचा, अशी स्वतःच्या मनाची समजूत घातली. मोरावर नदी आली, केळीच्या खांबांचे दिवे झाले, देवीवर एक लोखंडी मनोरा चढला. तिची वीणा मात्र त्यानं तशीच ठेवली. ती पॅरिसच्या आभाळात लटकत राहिली. इस्तेफान लोकांना ते गिटार म्हणून दाखवायचा. लोक माना डोलवायचे. शिकलेल्या माणसाला विलायती म्हणून काहीही दाखवा, तो मान डोलवतोच.

माझ्याबरोबर प्रभंजनलाही त्यानं ठेवून घेतलं. झगा, सोनेरी केसांचा टोप, उंच टाचांचे बूट. ‘मादाम रोझा.’ प्रभंजन कबूल झाला तो एकाच बोलीवर. दसऱ्याच्या संध्याकाळी या जागेत आपलं जुनं नाटक करायचं, पूर्ण, शालू नेसून. इस्तेफाननं छातीवर हात ठेवून वचन दिलं. छातीवर हात ठेवायला त्याला फार आवडायचं.

प्रभंजनची बायको वेणूबाई केशवापुरातून डबा घेऊन यायची. झग्याची उसवलेली शिवण घालता घालता ती म्हणायची, "शालू नेसून जगाला रडवलंत, आता झगा घालून हसवा. टाचा तेवढ्या सांभाळा, पडलात तर पॅरिसला कोण निरोप धाडणार?"

"दसऱ्यापर्यंत गं."

"खरं की काय? त्या सर्कसवाल्याचं खरं धरून बसलात?"

"वचन दिलंय त्यानं. तबल्याला विठ्ठलला सांगून ठेवलंय. तो म्हणाला, मेलो तरी येतो."

वेणूबाई मग दात लावून दोरा तोडायची. पण पेटीच्या तळातला शालू तिनं त्याच आठवड्यात उन्हात घातला होता, हे प्रभंजननंच मला सांगितलं. माझ्याशी तो बोलायचा. झग्यात असला तरी आत जाण्याआधी वाकून माझ्या बांबूला हात लावायचा. इस्तेफान खो खो हसायचा.

आता या क्लबाचं गिऱ्हाईक कोण, ते ऐका. पहिले काही दिवस रेल्वेतले चार गोरे-निमगोरे आले. पायाखाली फळ्या दणाणल्या की आढ्यावरचा जुना कापूस पिंजून खाली यायचा आणि नाचणाऱ्या जोड्या शिंकायला लागायच्या. ते यायचे थांबले. मग आपली माणसं आली. धारवाडाहून आगगाडीनं वकील आले, मास्तर आले. देशपांडे नगरातले डॉक्टर आले. अडत्ये आले. धारवाडात संस्कृतीवर बोलायचं आणि हुबळीत येऊन ते विसरायचं, अशी सोयच झाली.

पण पगडीचं काय करायचं? पगडी म्हणजे घराण्याची अब्रू. ती घालून असल्या जागी बसायचं कसं? त्यावर या शहाण्यांनी तोड काढली. मागच्या दारानं यायचं. माझ्या मागच्या भिंतीवर खुंट्यांची ओळ होती, तिथं पगडी टांगायची. पगडी बाहेर राहिली की आपणही बाहेरच राहिलो! आत बसलेला माणूस कुणी निराळाच. पण बोडक्यानं बसणं अशुभ, म्हणून इस्तेफाननं आपल्या मेलेल्या सर्कशीतल्या विदूषकांच्या टोप्या काढल्या, उंच, निमुळत्या, शेंड्याला लाल गोंडा. प्रत्येक खुंटीला एक. डाव्या हातानं पगडी टांगायची, उजव्या हातानं टोपी चढवायची. हे अंधारात चालायचं. मागं दिवा लावायला त्यांनीच मनाई केली होती. थोड्याच दिवसांत त्यांचे हात इतके सरावले, की हुबळीतली अब्रू चाचपडल्याशिवाय आपापल्या खुंटीवर जाऊ लागली.

मी पडदा आहे. मला दोन्ही बाजू दिसतात. पुढून बघावं तर विदूषकांची रांग पाय हलवत बसलेली. मागं बघावं तर पगड्यांची रांग, गप्प. दोहोंत पगड्याच मला शहाण्या वाटायच्या.

पद्मनाभराव वकिलांची खुंटी खांबाजवळची. लाल, टोकदार पगडी. ती त्यांनी म्हणे न्यायाधीशासमोरही कधी सरकवली नव्हती. स्टेशनवर उतरले की ठरलेला टांगा. टांगेवाला झोपलेला असला तरी घोडं त्यांना आमच्या मागच्या दारी आणून सोडायचं. मादाम रोझाचं गाणं संपलं की पहिली टाळी त्यांची.

हेच पद्मनाभराव दसऱ्याच्या आधी खवळले. देशपांडे नगरातल्या बायकांत कुजबूज सुरू झाली होती, आणि कुजबूज आपल्या घरी पोचायच्या आत आपणच ओरडावं, हे वकिलाला कळतं. त्यांनी जाहीर सभा बोलावली. ठराव एकच, शेषगिरींनी गोदाम परत घ्यावं आणि हा नरक बंद करावा. एवढ्या माणसांना पुरेल अशी झाकलेली जागा गावात दुसरी रिकामी नव्हती. म्हणून सभा नरकातच ठरली. इस्तेफान उलट खूश झाला. "सभा? कितना पब्लिक?" म्हणून त्यानं खुर्च्या पुसायला घेतल्या.

प्रभंजनचा चेहरा मात्र उतरला. सभेच्या दुपारी तो माझ्यामागं उभा होता, साध्या धोतर-सदऱ्यात. वेणूबाई शेजारी.

"सभा काय, बोलतील आणि जातील," तो म्हणाला. "दसरा झाल्यावर काय करायचं ते करू देत."

"तुम्ही उठून सांगा की तसं. चार दिवस द्या म्हणावं."

"एवढ्या मोठ्या माणसांपुढं?"

"मोठी?" वेणूबाईनं खुंट्यांकडं हनुवटी केली. "टोप्या कुणाच्या आहेत या?"

गोदाम भरलं. आज सगळे समोरच्या दारानं आले होते, पगड्या घालून, ताठ. एका बाजूला बायका. पुढच्या सतरंजीवर पद्मनाभरावांच्या पत्नी अंबूताई, त्या आधीच्या गाडीनं येऊन बसलेल्या. पद्मनाभराव कोर्टातून निघणार होते, त्यांना उशीर झाला. शेषगिरी घड्याळ बघत होते. तेवढ्यात मागच्या बाजूला टांग्याची घंटा वाजली.

मला कळलं. घोड्याला ठराव कुणी सांगितला नव्हता.

पद्मनाभराव घाईत मागच्या दारानं आत शिरले. अंधार. मनात भाषण. डावा हात उठला, पगडी खुंटीवर गेली. उजवा हात उठला. डोक्याला काहीतरी लागलं, तेवढ्यानं डोक्याचं समाधान झालं. प्रभंजननं तोंड उघडलं, पण वेणूबाईनं त्याचा हात घट्ट धरला. वकील माझ्या कडेनं वळसा घालून रंगमंचावर आले, हात जोडले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "सभ्य स्त्री-पुरुषहो! या पापी वास्तूत आज मी प्रथमच पाऊल टाकतो आहे."

डोक्यावर लाल गोंडा डुलत होता.

 मग बायकांतून अंबूताईंचा आवाज आला. "अगोबाई! अहो, हे काय घातलंय डोक्यावर?"

त्यांनी हात वर नेला. गोंडा लागला. हात तिथंच राहिला.

"आणि पगडी कुठंय?"

 तेव्हा प्रभंजन बाहेर आला. दोन्ही हातांच्या ओंजळीत ती लाल पगडी. मंडळीतली नायिका वरमाला घेऊन यायची, अगदी त्या पावलांनी. समोर उभा राहून, मान किंचित कलती करून, मादाम रोझाच्या आवाजात तो म्हणाला, "राव, नेहमीच्याच खुंटीवर होती."

मला वाटलं, आता गोदाम हसण्यानं कोसळेल. प्रभंजनलाही तसंच वाटलं असावं. माणूस एकदा का मोकळं हसला, की मग थोडा माणसासारखा वागतो. चार दिवस मागता आले असते.

पण कुणी हसलं नाही. मी वरून पाहत होतो. गोदामभर एकेक हात हळूच उठला आणि आपापल्या डोक्याकडं गेला. पगडी आहे ना, चाचपून पाहिली गेली. शेषगिरींनी दोन्ही हातांनी चाचपली. मग ते घसा खाकरून म्हणाले, "ठराव मताला टाकूया." आणि तेच हात, डोक्यावरून खाली न येता, तसेच वर गेले. एकमतानं. आपला साक्षीदार जिवंत ठेवायला कुणाला आवडतं?

"मी एक विनंती..." प्रभंजन म्हणाला.

"नाच्यानं सभेत बोलू नये," शेषगिरी म्हणाले, आणि सभा संपली.

अंबूताई जाताना तेवढ्या थांबल्या. नवऱ्याच्या हातातली टोपी घेऊन त्यांनी ती प्रभंजनच्या पुढ्यात ठेवली आणि कानडीत एवढंच म्हणाल्या, "क्षमिसप्पा." क्षमा कर रे बाबा. बाकी सारं गोदाम मान खाली घालून समोरच्या दारानं बाहेर पडलं. इस्तेफान दारात उभा राहून प्रत्येकाला वाकून निरोप देत होता. एवढी गर्दी त्याच्या खेळाला कधी झाली नव्हती. दुसऱ्या दिवशी तो गेला. कुठल्या देशाला, ते त्या दिवशीच्या गिऱ्हाइकावर ठरलं असेल.

दसरा गेला. शालू परत पेटीच्या तळाशी गेला. खुर्च्यांबरोबर माझाही लिलाव झाला आणि अळणावरकडच्या नागोजीनं मला उचललं, भातावर घालायला. त्यानं माझ्यावरच्या पॅरिसकडं ढुंकूनही पाहिलं नाही. मग एके दुपारी अवकाळी सरी आल्या. खडूचा रंग तो, किती टिकणार? नदी वाहून गेली, दिवे विरघळले, मनोरा ओघळून बांधाला लागला. खाली मोर होता तसाच.

"अगं जने, बघ की," नागोजी बायकोला हाका मारत सुटला. "आपल्या भातावर सरस्वती बसलीया!"

ही बातमी बाजाराच्या दिवशी हुबळीला पोचली असावी, कारण सुगी सरता सरता प्रभंजन आला. वेणूबाई आली, तबला घेऊन विठ्ठलही आला.

"हा पडदा माझ्या ओळखीचा आहे, अण्णा," प्रभंजन बिचकत म्हणाला. "एक संध्याकाळ द्याल?"

"पडद्याची वो कसली वळख?" नागोजी म्हणाला.

"असंल की," जनाबाई म्हणाली. "आपली म्हस न्हाई मला लांबनं वळखत?"

दिवेलागणीला मला दोन आंब्यांच्या मधे बांधलं. नारळ जनाबाईनंच आणला. शेतावर राबणारी माणसं आली, चपला लांब काढून जमिनीवर बसली. प्रभंजन शालू नेसून आला. आता तो जाडा झालाय, वरच्या सुरात आवाज फाटतो. त्यानं वाकून माझ्या बांबूला हात लावला. तो हात मग कपाळाला लावला.

मी वर गेलो. गुंडाळता गुंडाळता समोर पाहिलं. एकाहून एक मळकी मुंडाशी, घामाची, धुळीची. एकानंही आपलं मुंडासं उतरवलं नव्हतं. बायका पदर चाचपत होत्या.

म्हणून वाचकहो, तुमच्याकडं माझं एकच मागणं आहे. कधी माझ्यापुढं बसायची वेळ आली, तर गावात जे डोक्यावर मिरवता तेच डोक्यावर ठेवून बसा. टांगायला जागा शोधू नका. खळ्याला भिंत नसते.