पाठीचं माप

मोज्यावर डावा-उजवा लिहिलेलं होतं. म्हणजे एकावर डावा आणि दुसऱ्यावर उजवा — बोटांच्या जरा वर, राखाडी लोकरीतच विणलेलं एकेक इंग्रजी अक्षर... त्याने तो मोजा उलटा केला, सुलटा केला, आत हात घालून ताणून पाहिला. बुटाचं एक वेळ समजू शकतो. पण मोजा? पन्नाशी उलटलेली, बँकेत कॅशियर असलेली बाई आता डोंगरावर पहाटे उठून आधी मोजा वाचणार आणि मग त्यात पाय घालणार! अक्कल बाहेर ठेवून आल्याशिवाय ह्या दुकानात आत घेतच नसावेत. त्याने मोजा परत आकड्याला अडकवला आणि मांडीवरची बायकोची पर्स सावरली.

पर्स त्याच्या मांडीवर होती, कारण बायको समोर अनवाणी उभी होती आणि दुकानातली ती मुलगी — केस पोरासारखे कापलेले, दंडावर कसलंसं गोंदण — गुडघ्यावर बसून तिच्या पावलाचं माप घेत होती. बूट म्हणे संध्याकाळीच घ्यायचे. दिवसभरात पाय सुजतात, तसे ते चालूनही सुजतात, म्हणून सुजलेल्या पायाला जो बसेल तो खरा. हे ज्ञान बायकोला तिच्या बँकेतल्या मैत्रिणींनी दिलेलं. त्या सगळ्या मिळून आठ दिवस डोंगरात जाणार होत्या. एकीचे गुडघे गेलेले, एकीला जिना चढला की धाप, एकीला झुरळाची भीती... आणि चालल्या शिखर गाठायला. उचलली टाच आणि लावली वाटेला! त्याला आतल्या आत बरं वाटलं. ही जाणार नाही. आत्ता बूट घेईल, मोजे घेईल, घरी नेऊन कपाटात ठेवील, आणि मग एक दिवस आपणच म्हणेल, जाऊ दे, ह्या वेळी नको.

तशी व्यवस्था तो करायचाच. म्हणजे करायचा म्हणजे काय — तो कधी नाही म्हणाला नव्हता. मी कधी नाही म्हटलं? विचारा तिला. पोहण्याच्या वर्गात नाव घातलं तेव्हा पोहायचा पोशाख घालून आरशापुढे उभी राहिली, वळून म्हणाली, कसं दिसतंय हो? मी एवढंच म्हटलं, की तलावात पाणी जरा कमी भरायला सांगू या. बस्स. दोन-तीनदा गेली, मग सर्दीचं निमित्त झालं. गाडी शिकायला लागली तेव्हा शेजारी बसून मी सहज विचारलं, स्टेअरिंग धरलंयस की कुणाचं बाळ? अगदी प्रेमाने विचारलं. पुढच्याच वळणावर तिने गाडी बाजूला घेतली आणि म्हणाली, तुम्हीच चालवा. गाण्याचंही तेच. ओरडायचं नाही, अडवायचं नाही, बायकोवर हात उगारणाऱ्यांची तर त्याला किळस यायची — रानटी लेकाचे. आपल्याकडे हातच उगारावा लागत नव्हता. एक वाक्य पुरायचं. आणि वाक्य बसलं की तिच्या चेहऱ्यावर, नाकाच्या बाजूला, काहीतरी खाली उतरायचं. फार थोडं. दुसऱ्या कुणाला दिसलंही नसतं.

पण त्याला दिसायचं. नुकसान बघणं हा त्याचा धंदाच होता. अपघात झालेल्या गाड्या तपासून विमा कंपनीला अहवाल द्यायचा, आणि माणसं किती आणि कशी खोटं बोलतात ते ऐकून घ्यायचं. आज सकाळीच एक गृहस्थ भेटला — गाडीचं नाक चेपलेलं, आणि हा सांगतोय, अहो अचानक कुत्रं आडवं आलं. सगळ्यांच्याच गाडीला कुत्रं आडवं येतं. इतक्या वर्षांत इतकी कुत्री आडवी आली होती, की खरी असती तर शहरात माणसाला पाय टाकायला जागा उरली नसती. तो गृहस्थाकडे नुसता पाहत राहिला. थोड्या वेळाने गृहस्थ घाम पुसत म्हणाला, म्हणजे... मोबाइल वाजला होता. माणसाकडे नीट, न बोलता, जरा ओठ मुडपून पाहिलं की तो आपोआप उसवतो.

“काकू, आता ह्यावर चढा,” ती मुलगी म्हणाली.

दुकानाच्या कोपऱ्यात एक खोटा डोंगर होता. सिमेंटचा, कंबरेएवढा, वर दगड चिकटवलेले. बूट घालून त्यावर चढायचं आणि उतरायचं. उतरताना बोटं पुढे आपटली तर माप चुकलं, नखं काळी पडणार, असं मुलगी सांगत होती. बायको चढली. कंबरेएवढ्या डोंगराच्या माथ्यावर, विजेच्या दिव्याखाली, छताला लटकवलेल्या टोप्यांच्या शेजारी ती उभी राहिली, आणि त्याच्या जिभेवर वाक्य तयार झालं. फक्त तिने इकडे बघायला हवं होतं. तिने बघितलं नाही. ती खाली मान घालून आपल्या पावलांकडे बघत होती, आणि तशीच, सावकाश, एकेक पाऊल टेकवत उतरली.

“डाव्याला करंगळी दबते आहे,” ती मुलीला म्हणाली.

दुसरा जोड आला. मग तिसरा. प्रत्येक वेळी वर आणि खाली. त्याने घड्याळ पाहिलं, जांभई दिली, ती जरा मोठ्याने दिली. पर्स ह्या मांडीवरून त्या मांडीवर घेतली. तंबूंच्या बाजूला एक पोट सुटलेला इसम बर्फात खोचायची कुऱ्हाड हातात धरून पत्नीकडून फोटो काढून घेत होता. ह्याच्या सात पिढ्यांत कुणी फ्रीजमधला सोडून बर्फ पाहिला नसेल! सगळी सोंगं. घाम आला की वाळणारे सदरे, वारा अडवणारी जाकिटं, घडी घालता येणारे चमचे... जन्मात ज्यांनी कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत पायी जायचं नाव काढलं नाही, ती माणसं इथे येऊन रानावनाच्या गप्पा मारतात, आणि ही गोंदणवाली त्यांना गंभीर तोंड करून उत्तरं देते.

“सुती काही घेऊ नका हं काकू. बनियनसुद्धा नको. सुती भिजलं की वाळत नाही, अंगावर गार पडतं, आणि वर गारठलात की फार वाईट. आत हे पातळ, त्यावर लोकरीचं, आणि पाऊस-वाऱ्याला सगळ्यात वर हे. गरम झालं की एकेक काढायचं.”

बायकोने मान डोलावली. तो स्वतःच्या सुती शर्टाची बाही चाचपत होता हे त्याच्या लक्षात आलं आणि त्याने हात काढून घेतला. आयुष्यभर सुती घातलं. कुठे मेलो?

“रंग कुठला देऊ? हा राखाडी छान दिसेल तुम्हाला.”

राखाडीच. त्याला ठाऊक होतं. भडक रंग तिने कधीच सोडले होते. एका लग्नाला ती लाल-पिवळं नेसून निघाली होती तेव्हा तो म्हणाला होता, चौकात उभी राहू नकोस, गाड्या थांबतील. तेव्हापासून कपाटात सगळं करडं, बदामी, फिकट...

“केशरी आहे ना? तो द्या,” बायको म्हणाली. “लांबून दिसायला पाहिजे.”

हे तिने इतकं साधेपणाने म्हटलं, की त्याला त्यात शिरायला फटच सापडली नाही. लांबून दिसायला पाहिजे. कोणाला? मैत्रिणींना, वाट चुकली तर. तेवढाच अर्थ. पण तो अर्थ त्याला बोचला, कारण तिने तो त्याला उद्देशून म्हटलेला नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं. टोमण्याला टोमणा देता येतो.

“काका, तुम्ही पण जाताय ना?” मुलीने जाकिटाची घडी उलगडता उलगडता विचारलं.

काका! “मी हमाल आहे,” तो पर्स दाखवत म्हणाला. “घरापर्यंतचाच.”

मुलगी हसली. बायको म्हणाली, “नाही, ते नाही येत. त्यांना असलं आवडत नाही.” तक्रार नाही, कुरबुर नाही, कुणाला दूध चालत नाही हे पाहुण्यांना सांगावं तसं. आणि तेव्हा त्याला आठवलं की जेवताना ताटावरून मान वर न करता तिने सांगितलं होतं ते असं, की मी जाणार आहे. जाऊ का, असं नव्हतं ते. त्याने त्या रात्री ते नीट ऐकलंच नव्हतं. त्याने ‘जाऊ का’च ऐकलं होतं.

मग पाठीवरची बॅग. त्या मुलीने टेप काढली आणि बायकोला मान खाली घालायला सांगून मानेच्या हाडापासून कंबरेपर्यंत तिच्या पाठीचं माप घेतलं. पाठीचंही माप असतं म्हणे. बॅग उंचीच्या मापाने नाही घ्यायची, पाठीच्या मापाने घ्यायची. मुलीने बॅगेत वाळूच्या पिशव्या भरल्या, ती बायकोच्या पाठीवर चढवली, कंबरेचा पट्टा आवळला, मग खांद्याचे सैल केले. “ओझं खांद्यावर नाही यायचं काकू, कंबरेवर यायचं. आलं का?”

“आलं,” बायको म्हणाली, आणि सरळ उभी राहिली.

आरसा तिच्या समोरच होता. त्याने घसा साफ केला. आता ती वळणार. आता म्हणणार — कसं दिसतंय हो? आणि त्याच्याजवळ एक नाही, तीन वाक्यं तयार होती, एकाहून एक सरस... ती वळली. ती त्याच्या बाजूने चालत आली, त्याच्या गुडघ्यांना वळसा घालून पलीकडे गेली, खाली बसली, उठली, दोन्ही हात वर करून पाहिले. “हात वर केला की इथे ओढतंय,” ती मुलीला म्हणाली. आरशात तिने पाहिलं की नाही कोण जाणे. तिला कसं दिसतंय ते नकोच होतं. बसतंय कसं, तेवढं हवं होतं, आणि ते तिचं तिलाच कळत होतं.

छातीवरच्या पट्ट्याच्या बकलाला एक चिमुकली शिट्टी होती. हरवलं तर वाजवायची. हे ऐकून त्याला बोलल्यावाचून राहवेना. “ही घरीच जास्त उपयोगी पडेल. रोज चष्मा हरवते ही.”

बायकोने मान वाकवली, शिट्टी तोंडात धरली आणि जीव खाऊन फुंकली. सगळं दुकान वळलं. कुऱ्हाडवाला दचकला. त्याची कानशिलं तापली — काय हे, काय हा पोरकटपणा, चारचौघांत! हीच का ती, जी त्याने दाराबाहेरून किल्ली मागितली तर आतून ओ सुद्धा हळू देते? ती मात्र लाल झालेल्या तोंडाने मुलीला म्हणत होती, “चांगली जोरात वाजते हो!”

रिक्षात बॅग मध्ये ठेवली होती, दोघांच्या. रस्ता, दिवे, औषधाचं दुकान, आपला जिना. त्याला वाटत होतं, ही गप्प आहे म्हणजे विचार करते आहे, म्हणजे डळमळली आहे. मग त्याने बॅगेवरून डोकावून पाहिलं तर ती झोपली होती. तोंड थोडं उघडं टाकून, गाढ.

नवे बूट घरात घालून फिरायचे असतात, म्हणजे ते पायाला सवयीचे होतात. चहा झाल्यावर ती ते घालून फिरायला लागली. स्वयंपाकघरातून गॅलरीत, गॅलरीतून स्वयंपाकघरात. धप्, धप्. तो खुर्चीत पेपर धरून बसला. आठ दिवस हा आवाज नसेल, कुठलाच नसेल, असं त्याच्या मनात आलं आणि त्याला भीती वाटली. साधी, सरळ भीती. तिला काही होईल ह्याची नव्हे. वर तिला काहीच होणार नाही, ती चालेल, बसेल, हसेल, मोजे वाळत घालील, आणि आठ दिवसांत तिला एकदाही माझ्याकडे वळून बघावंसं वाटणार नाही, ह्याची.

तेव्हा शेवटचं, नेमकं, वर्मी लागणारं काहीतरी शोधायलाच हवं होतं. तो शोधत राहिला. पेपरच्या आडून शोधत राहिला.

ती त्याच्यासमोरच्या स्टुलावर बसली आणि बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधायला लागली. टाच हलू नये म्हणून एक वेगळीच गाठ घालायची होती. “बोला की,” ती खालीच बघत म्हणाली. “दुकानात असल्यापासून तुमच्या ओठांवर काहीतरी आहे.”

आणि वाक्य आलं. तयार, धारदार, आपल्या पायांनी चालत आलं.

“काही नाही,” तो म्हणाला. “डोंगराला कळवलंयस ना, तू येतेयस म्हणून? नाहीतर बिचारा पळून जायचा.”

त्याने पेपर खाली केला आणि तिच्या नाकाच्या बाजूला पाहिलं.

ती हसली. आधी नुसती फुसकन, मग मान मागे टाकून, नाडी हातातून सुटेपर्यंत. “अगं बाई... पळून जायचा!” तिने मनगटाने डोळे पुसले. “छान आहे हं हे. तिथे सांगते सगळ्यांना. त्या तर लोळतील.”

त्याने पुन्हा पाहिलं. अपघाताची गाडी बघावी तसं, कडेकडेने, बारकाईने पाहिलं. कुठेही काही खाली उतरलं नव्हतं. तिला खरोखरच विनोद आवडला होता. इतक्या वर्षांत ती त्याच्या विनोदाला कधी हसलीच नव्हती, हे त्याला आत्ता, ती हसल्यावर कळलं.

ती उठली आणि पुन्हा चालायला लागली, मधूनच एकटीच हसत. धप्, धप्. आणखी एक टाकावा... पण काही सुचेना. सगळी वाक्यं कुठे गेली? त्यांच्या जागी एकच उरलं होतं, दोन शब्दांचं. जाऊ नकोस. हे आपण तिला कधीच म्हटलं नाही. कशालाच म्हटलं नाही. म्हणायची गरजच पडू दिली नाही. आता ते तोंडात घोळत होतं — ती गॅलरीकडून येताना जवळ येत होतं, स्वयंपाकघराकडे गेली की लांब जात होतं. म्हणावं? पुढच्या फेरीला म्हणावं? जाऊ नकोस, मला... आणि ते वाक्य इतकं लाचार, इतकं भिकार होतं, की दुसऱ्या कोणाच्या तोंडून ऐकलं असतं तर मला हसू आवरलं नसतं.