यादीत नसलेला युसूफ

जो माणूस एकोणीसशे त्रेचाळीस साली समुद्रात बुडून मेला, तो साठ साली माझ्या नानीच्या लग्नात दोन ताटं बिर्याणी हाणून गेला. कागद तसं सांगत होता आणि नानी असं सांगत होती. दोघांपैकी एक खोटं असणार, आणि माझी नानी रहमतबी खोटं बोलत नाही. टोचून बोलते, पण खोटं नाही.

थांबा, नीट पहिल्यापासून सांगते. मला घाई फार.

मी शाहीन. चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला आहे. राहायला कासारवाडीत, आणि नानी माझ्याजवळच असते. नानीचा बाप युसूफ खलाशी होता. बेचाळीसच्या शेवटी तो आपल्या सख्ख्या भावाबरोबर, इब्राहिमबरोबर, कोकणातल्या पेवरोळीहून मुंबईला जहाज धरायला गेला. नानी तेव्हा आईच्या पोटात होती. महिन्याभरानं इब्राहिम तापानं फणफणत एकटाच परत आला. म्हणाला, युसूफला जहाज मिळालं, कुठलं ते ठाऊक नाही. लढाई संपल्यावर गावातली माणसं मुंबईला जाऊन बुडालेल्यांच्या याद्या बघून आली. युसूफचं नाव कुठेच नव्हतं. मग गावानं आपला निकाल लावला: यादीत नाही म्हणजे जिवंत, आणि जिवंत असून येत नाही म्हणजे विलायतेत मड्डम केली.

नानीची आई मरेपर्यंत हातात बांगड्या घालून राहिली. पाणवठ्यावर बायका तिला विचारायच्या, "काय गो, मड्डमीचं पत्र आलं का?"

शब-ए-बारातला नानी हलवा करते आणि घरातल्या सगळ्या मयतांची नावं घेऊन फातिहा पढते. बापाचं नाव तिनं आजवर कधी घेतलं नव्हतं. जित्या माणसाची फातिहा कशी पढायची? यंदा मात्र तिनं मला जवळ बसवलं. "मी आता ब्याऐंशीची. माझ्यामागं त्याचं नाव घेणारं कोण नाय. मेला असंल तर शोध. पळाला असंल तरी शोध, मग वर गेल्यावर बघते त्याच्याकडं."

झालं, मी कंबर कसली. कंपनीत मला एका बोल्टचा बॅच नंबर दिला तर तो कुठल्या मशीनवर, कुठल्या शिफ्टला बनला ते मी संध्याकाळपर्यंत काढून देते. इथे तर अख्खा माणूस हरवलेला. लॅबमधली माझी मैत्रीण श्रद्धा, रहाटणीची, तिलाही नाद लागला. जेवणाच्या सुट्टीत आम्ही दोघी मोबाइलवर लढाईच्या काळातली वर्तमानपत्रं चाळायचो. अक्षर मुंगीएवढं, त्यात निम्म्या पानांवर शाई फुटलेली. पण काय सांगू राव, त्या पानांचं वेड लागतं. डबा तसाच उघडा राहायचा आणि सुट्टी संपायची.

दीड महिन्यानं, एका मंगळवारी, श्रद्धानं माझं मनगट एवढं जोरात धरलं की चमचा खाली पडला. 'टेनबी हॉल' नावाच्या बुडालेल्या जहाजावरच्या खलाशांची यादी होती, आणि तिसऱ्या ओळीत छापलं होतं: इब्राहिम वल्द दाऊद, पेवरोळी.

मी तिथूनच नानीला फोन लावला. "नानी, गावात इब्राहिम वल्द दाऊद किती होते?"

"एकच. माझा चुलता."

"तो त्रेचाळीस साली बुडाला म्हणून पेपरात आलंय."

"बाये, त्यानं माझ्या लग्नात दोन ताटं बिर्याणी हाणली. बुडालेला माणूस एवढं जेवतो काय गो?"

छापणाऱ्याची चूक असेल, मी श्रद्धाला म्हटलं, आणि माझा चेहराच पडला. श्रद्धानं मात्र चमचा उचलून माझ्यावर रोखला. "शाहीन, मागच्या महिन्यात प्रेस शॉपला तू कुणाला पकडलंस?"

पकडलं होतं खरं. ठेकेदाराचा एक माणूस, चाळिशीचा, चुलतभावाच्या गेटपासवर आठवडाभर कामाला येत होता. भावाला कावीळ झालेली आणि त्याची जागा जायला नको म्हणून हा उभा राहिलेला. पासवर नाव मालोजी, आणि माझ्या तपासणीच्या कागदावर या बाबानं सवयीनं सही ठोकली सुजित. तेव्हा मी त्याला धू धू धुतला होता. आता मात्र मी बोटांवर एकेक मोजायला लागले. तापानं फणफणलेला इब्राहिम. त्याचा खलाशाचा दाखला. आणि हातची जाऊ द्यायची नव्हती अशी जागा.

"सही," मी म्हटलं. "जहाजावर चढताना सही घेतली असणार."

दोन दिवसांची रजा टाकून मी मुंबईला सरकारी दफ्तरखान्यात जाऊन बसले. साहेब कुरकुरला, कुरकुरू दे. पहिला दिवस धूळ खाण्यात गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी तिथल्या कारकुनानं टेनबी हॉलच्या खलाशांचं रजिस्टर समोर ठेवलं, आणि मी घाईत पान फाडेन म्हणून त्यानंच ते उलटलं. एकतीस नंबर. इंग्रजीत टाइप केलेलं: इब्राहिम दाऊद. समोर उर्दूत एक सही. आधीच्या सफरीच्या रजिस्टरमध्ये याच इब्राहिमच्या नावापुढे होता अंगठा. ज्याला सही येत नव्हती त्याला वर्षात उर्दू आलं? मला स्वतःला उर्दू वाचता येत नाही, मी मराठी शाळेतली. तिथे कुणालाही विचारता आलं असतं, पण विचारलं नाही. ते नाव आधी नानीनंच वाचायला हवं होतं.

घरी पोचले तेव्हा ती चहा घेत होती. मी फोटो मोठा करून मोबाइल तिच्या हातात दिला. तिनं चष्मा पुसला, अक्षरावर बोट ठेवलं, तर फोटो सरकून गेला, म्हणून मलाच चार शब्द ऐकवले. मी परत आणून दिला. या वेळी तिनं बोट वरच्यावर, हवेत फिरवलं.

"युसूफ," ती म्हणाली. "गाढवानं सही आपलीच केली गो."

आणि रडली. मीही रडले, लपवायचं काय त्यात.

मग हळूहळू सगळं जुळलं. जहाजावर नावं टिपून घेणाऱ्या गोऱ्या साहेबाच्या कारकुनाला उर्दू येत नव्हतं. भरती करणारा सारंग, खलाशांचा मुकादम, जहाजाबरोबरच बुडाला. गावातल्या माणसांनी याद्यांत फक्त युसूफ शोधला; गावात हिंडणाऱ्या इब्राहिमचं नाव कोण बघणार? आणि इब्राहिमच्या मरणाचं पत्र आलं असेल ते खुद्द इब्राहिमच्याच हातात. म्हणून तर तो पुन्हा कधी जहाजावर गेला नाही. सरकारदरबारी तो मेलेलाच होता.

"तुरुंगाला भ्याला असंल," नानी म्हणाली. मग तिचा आवाज चढला. "पन माझ्या आईला बायका मड्डमीचं पत्र विचारायच्या, तवा तो ओटीवर बसून ऐकायचा. ऐकायचा आनि गप बसायचा."

तिनं लगेच पेवरोळीला अजिमला फोन लावायला सांगितलं. अजिम इब्राहिमचा नातू, आजोबाला दादा म्हणणारा, गावच्या मशिदीच्या कमिटीचा अध्यक्ष. नानीनं त्याला सगळं सांगितलं आणि म्हणाली, "जुम्म्याला नमाजीनंतर हे भोंग्यावरनं सांगायचं."

अजिम चाचरला. "फुफी, दुआ करू ना आपण. पण भोंग्यावर कशाला? दादांची अब्रू…"

"माझ्या आईची अब्रू ऐंशी वर्षं चव्हाट्यावर हाय. तुझ्या दादाची पाच मिनिटं राहू दे."

त्यानं फोन ठेवला. तीन दिवस ना फोन, ना मेसेज. नानी जेवेना. मी अजिमला मनातल्या मनात हजार शिव्या घातल्या.

शुक्रवारी मी हाफ डे घेऊन घरी आले. पावणेदोनला मोबाइल वाजला, अजिमचा नंबर. पलीकडे नुसती खरखर, मग भोंग्यावरून अजिमचा आवाज. "युसूफ वल्द दाऊद, रहमतबींचे वडील, त्रेचाळीस साली टेनबी हॉल जहाजावर वफात पावले. माझे दादा इब्राहिम यांच्या दाखल्यावर ते गेले होते. ते कुठे पळून गेले नव्हते. आमच्या घरानं हे दाबून ठेवलं, त्याची मी सगळ्यांसमोर माफी मागतो. त्यांच्यासाठी दुआ करा."

नानीनं दुआला हात उचलले, तोंडावरून फिरवले. थोड्या वेळानं अजिम फोनवर आला.

"अजिम," नानी म्हणाली, "बायकांनी ऐकलं का?"

"ऐकलं फुफी. आवाज पार खाडीपर्यंत गेला."

"मग एकदा परत सांग. आनि माझ्या बापाचं नाव सावकाश घे."