हैबतीचा पहारा

सप्ताहाची वीणा एकदा उभी राहिली की सात दिवस खाली टेकवायची नाही, ही पोलादपूरच्या वरच्या वाडीची रीत. दर दोन तासांनी ती एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते आणि देणारा-घेणारा एकमेकांच्या पाया पडतात. पाचव्या दिवशी दुपारी दोनचा पहारा हैबतीचा होता. हैबतीला तो नको झाला होता.

कारण आदल्या दिवसाचं कीर्तन. महाडहून आलेले बुवा आख्यान रंगवता रंगवता म्हणाले, "समोर उभा राहून लढतो तो शिपाई, पाठीमागून येतो तो मारेकरी!" मृदंगावर थाप पडली आणि सगळ्या माना हैबतीकडे वळल्या. ब्रह्मदेशच्या लढाईतून परतलेला वाडीतला एकटा पेन्शनर तो. त्याची बायको, बयाबाई, पदर सावरून ताठ बसली. हैबती मात्र सतरंजीकडे बघत राहिला.

सकाळपासून तो तीनदा नदीवर जाऊन आला. शेवटी देवळामागे गेला. तिथे सयाजी महाप्रसादाची लाकडं फोडत होता. खोताने खुनाच्या बदल्यात कबूल केलेल्या शेतासाठी सयाजीने वाडीतल्याच महिपतीला पाठीमागून कुऱ्हाड घालून मारलं होतं. शिक्षा भोगून दोन वर्षांपूर्वी सुटला. त्याला वीणा कुणी देत नसे, तोही मागत नसे.

"सयाजी, मी पन पाठीमागनंच मारलाय."

सयाजीने कुऱ्हाड टेकवली. "कुनाला?"

"पहाऱ्यावरचा जपानी व्हता. डब्यात तांदूळ धूत बसलेला. मग तुझ्यात नि माझ्यात फरक काय रे?"

"वा! तुला सरकारनं बिल्ला दिला, मला बेडी. आता बरोबरी करायला आलास?"

"चेष्टा नको."

"मग सांग. तू नसतास मारला तर?"

"आरोळी ठोकली असती त्यानं. मागं आमची तीस मानसं दबा धरून पडली व्हती."

"बंदूक व्हती त्याच्याजवळ?"

"मांडीशी."

"महिपतीजवळ कोयता बी नव्हता." सयाजी खाली बघत बोलला. "आदल्या दिवशी त्याच्या घरी जेवलो मी. त्याच्या बायकोनं, चंद्रभागेनं, आग्रह करून वाढलं. तो मेल्यानं कुनाचा जीव वाचनार नव्हता, मला शेत मिळनार व्हतं. फरक हाय, हैबती. तू तो पुसू नको. पुसलास तर माझं पाप हलकं व्हईल, नि मला ते हलकं करून नको."

"मग माझा जीव का थाऱ्यावर नाय?"

"तुझ्या हातनं बी मानूसच मेला ना? त्याचं काय करायचं ते तू बघ. मला नको इचारू."

देवळातून दत्ताराम ओरडला, "अरे हैबती! पाय मोडायला आलं माझं. खाली ठेवू काय वीणा?"

हैबती धावला. दत्तारामने वीणा त्याच्या गळ्यात घातली आणि पायांशी वाकला, तसे हैबतीचे पाय आपसूक मागे सरकले. "उभा ऱ्हा की बाबा!" दत्ताराम करवादला. हैबती उभा राहिला. मग तोही वाकला.

नाम सुरू झालं. एरवी विणेकरी खांबाजवळ डुलत उभा असतो. हैबती या खांबापासून त्या खांबापर्यंत चालत होता. चार वाजता पुढच्या पहाऱ्याचा सोनबा पाय धुऊन आला, पण हैबतीने वीणा उतरवली नाही.

"अजून एक पहारा करतो."

"कुनाच्या नावानं रे?"

"हाय एक. नाव ठाऊक नाय."

सोनबाला ती थट्टा वाटली. हसून त्याने टाळ उचलले आणि बसून नामाला साथ धरली. हैबतीचं चालणं थांबलं नाही.